तारेंतील चोर

गेल्या भाद्रपदांतील एका रात्रीं आमच्या अंबाजोगाईच्या घरीं थोरल्या काकू काळोखांत ओसरीच्या पायरीवरून घसरल्या. मनगट मुरगळण्यावर निभावलें, हेंच नशीब. त्यांच्या उशाशीं एक कळ आहे. ती दाबली कीं चौकांतील दिवा लागावा, अशी योजना आम्हींच मोठ्या हौसेनें केली होती. त्या रात्रीं कळ दाबली, पण दिवा लागला नाहीं. दुसरे दिवशीं दिवा बंद ठेवल्याचा आळ दोन सुनांवर आला. त्या दोघींचाही कांहीं दोष नव्हता, हें येथें नमूद करणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

वाडा जुना, भिंती दगडी, दीड-दीड हात जाडीच्या. बिनतारी संदेश त्यांतून धडपणें पलीकडे जात नाहीं, आणि नव्या तारा घालावयाच्या तर भिंती फोडाव्या लागणार. म्हणून घरांत आहेत त्याच विजेच्या तारांवरून संदेश धाडणारें साधन आम्हीं घेतलें. ही युक्ति नवी नव्हे. स्कॉटलंडांतील पिको इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीनें १९७५ सालीं 'एक्स-टेन' नांवाची अशी पद्धति निर्माण केली. आमचें साधन त्याच जातीचें. आपल्या विजेचा दाब सेकंदास शंभर वेळां शून्यावर येतो. ती संधि साधून सेकंदास १,२०,००० आवर्तनांचा एक क्षणिक झटका तारेंत सोडावयाचा, व दिव्यापाशीं बसविलेल्या पेटीनें तो ओळखावयाचा.

मग तो पोंचेना कां? साधनाचा जोर कमी पडतो, असा आमचा पहिला तर्क. अधिक जोराचें साधन मागविण्याच्याच बेतांत आम्ही होतों. परंतु एके सायंकाळीं घरांतील एकेक वस्तु काढून पाहिली, तों पुतण्याचा संगणक भिंतीवरील सॉकेटांतून काढतांच दिवा निमूटपणें लागूं लागला! संगणक, दूरदर्शन, मोबाइलचे चार्जर यांपैकीं पुष्कळांच्या तोंडाशीं दोन तारांमध्यें कपॅसिटर बसविलेला असतो. यंत्राची खळबळ बाहेर पडूं नये, हा त्याचा हेतु. ५० आवर्तनांच्या विजेस तो जवळजवळ बंद दार. आमच्या जलद झटक्यास मात्र उघडी मोरी. कांहीं हलके एलईडी दिवे याच्या उलट करतात: संदेश गिळीत नाहींत, कलकलाट करून त्याला बुडवितात.

याचें औषध वीजमंडळींना फार पूर्वींपासून ठाऊक आहे. उच्चदाबाच्या तारांवरून एका उपकेंद्राचें दुसऱ्याशीं दूरध्वनीचें बोलणें चाले. आतां तें काम बहुतेक प्रकाशतंतूंकडे गेलें आहे. अशा उपकेंद्रांत तारेच्या तोंडाशीं ढोलासारखी एक मोठी गुंडाळी टांगलेली दिसते. वीज तींतून सुखानें जाते. संदेशास मात्र ती अडविते व उपकेंद्राच्या यंत्रांत भरकटूं देत नाहीं. त्याच तत्त्वाचा तळहाताएवढा फिल्टर आम्हीं संगणक व सॉकेट यांमध्यें बसविला. नवें जोराचें साधन आणावें लागलें नाहीं.

माडीवरील एक कळ तरीही मुकीच राहिली. चौकशीअंतीं कळलें कीं, माडी मागाहून बांधली तेव्हां तिला निराळा फेज दिला होता. एका फेजवरील संदेशास दुसऱ्यावर जावयाचें तर रस्त्यावरील रोहित्रापर्यंतचा वळसा, आणि तेवढ्यांत तो क्षीण होतो. मुख्य फळ्यावर फेज जोडणारा कपलर बसविल्यावर हीही अडचण सरली. हें काम मात्र परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करवावें. आमच्यासारख्या हौशी माणसानें त्यांत हात घालूं नये.

इन्व्हर्टरचें एक राहिलें होतें. वीज जातांच त्यावरील तारा बाकीच्यांपासून तुटतात. म्हणून कळ व दिवा दोन्ही त्याच्याच बाजूस घेतलीं.

एक उणीव आहे ती आहेच. या जातीच्या साध्या कळेस दिवा खरोखर लागला कीं नाहीं, हें कळत नाहीं. ती हुकूम सोडते आणि गप्प बसते. यास्तव काकूंच्या दाराशीं जुनें बटण कायम ठेविलें आहे. काकू कळ दाबतात खऱ्या; पण चौकांत उजेड पडलेला पाहिल्याखेरीज पाय खालीं टाकीत नाहींत.