गावातले चार्जिंग : अंतर नव्हे, डीपी मोजा

विजेवरच्या वाहनांसाठी चार्जिंग केंद्रे कुठे हवीत, याचे उत्तर आपली धोरणे किलोमीटरमध्ये देतात. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०२४च्या मार्गदर्शक सूचनांनुसार महामार्गांवर दर २० किलोमीटरला केंद्र अपेक्षित आहे. राज्याच्या २०२५च्या धोरणात राष्ट्रीय महामार्गांसाठी हे अंतर २५ किलोमीटर आहे. लांब पल्ल्याच्या मोटारींसाठी हा हिशेब ठीक आहे. गावासाठी मात्र तो अपुरा पडतो.

गावात विजेवरची वाहने म्हणजे मुख्यतः दुचाकी आणि तीनचाकी. मोटारींच्या जलद चार्जरचा प्लग बहुतेक स्कूटरना बसतच नाही. शिवाय असा एक चार्जर ६० किलोवॉटचा असतो, तर गावातले रोहित्र, म्हणजे डीपी, अनेकदा ६३ किंवा १०० केव्हीएचे. त्यावर घरे, पिठाची गिरणी आणि पाणीपुरवठ्याचा पंप आधीच असतो. जलद चार्जरसाठी वेगळे रोहित्र बसवावे लागेल आणि दिवसभरात दोन-चारच मोटारी आल्या, तर तो खर्च निघणार नाही.

उलट तेवढ्याच विजेत ३.३ किलोवॉटचे १८ साधे पॉइंट चालतात. तालुक्याला जाऊन-येऊन ५० किलोमीटर धावलेल्या स्कूटरला दोनेक युनिट वीज पुरते. नेहमीच्या चार्जरवर त्याला दोन-तीन तास लागतात. एसटी स्टँड, प्राथमिक आरोग्य केंद्र, शाळा, बाजार समिती अशा ठिकाणी वाहने एरवीही तेवढा वेळ उभी असतात. पॉइंट तिथेच हवेत.

वेळही महत्त्वाची आहे. सगळ्यांनी संध्याकाळी घरी परतल्यावर स्कूटर लावली, तर दिवे, पंखे आणि टीव्हीच्या भारात तिची भर पडेल आणि वाहिनीच्या टोकाच्या घरांत व्होल्टेज आणखी घसरेल. दिवसा मात्र सौरऊर्जा उपलब्ध असते. म्हणूनच केंद्राच्या सूचनांत सकाळी ९ ते दुपारी ४ या वेळेतल्या चार्जिंगला स्वस्त दर सुचवला आहे. शेतीपंपांच्या वाहिनीवर वीज ठरावीक तासच असते, त्यामुळे पॉइंट गावठाणाच्या वाहिनीवर हवेत. अर्थिंग नीट असणे ही तर पहिली अट. ओसरीतून ओढलेल्या वायरवर रात्रभर चार्जिंग करणे धोक्याचे आहे.

म्हणून नियोजनाची सुरुवात नकाशावरच्या अंतरापासून नको. कोणत्या डीपीवर दिवसा किती भार शिल्लक आहे, याची यादी महावितरणने ग्रामपंचायतीला द्यावी आणि जागा ग्रामसभेने ठरवावी. नाहीतर महामार्गावर चार्जर चकाकत राहतील आणि आतल्या गावात स्कूटर लावताच दिवे मंदावतील.