मला न आलेले हसू



न्यायालयात साक्षीदार बोलण्यापूर्वी शपथ घेतो. मीही आरंभीच एक कबुलीजबाब देऊन मोकळा होतो. दादा कोंडके यांच्या चित्रपटांना मला हसू येत नाही. बालपणी आले नाही, विधी महाविद्यालयात असताना आले नाही आणि चाळिशी ओलांडल्यावर आजही येत नाही. ज्यांच्या नऊ मराठी चित्रपटांनी रौप्यमहोत्सव साजरे केले, त्या विक्रमासाठी ज्यांचे नाव गिनीज बुकात नोंदले गेले, ज्यांच्या नुसत्या पडद्यावर येण्याने तंबूतली माणसे शिट्ट्या वाजवीत, त्यांच्यापुढे मी कोरा चेहरा घेऊन बसतो. दोष त्यांचा की माझा, याचा विचार करणे मला आता भाग पडले आहे.

त्याचे कारण असे. अजिंठ्यात जयंतीच्या तयारीची सभा होती. मिरवणुकीनंतर रात्री मंडपात ‘पांडू हवालदार’ हा चित्रपट दाखवावा, असे तरुणांनी सुचविले. मी उठून विरोध केला. प्रसंगाचे गांभीर्य, स्त्रियांची उपस्थिती, मुलांवरील संस्कार असे मुद्दे मी क्रमाने मांडले. माझे बोलणे संपताच, आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात राबलेली एक वृद्ध आजी म्हणाली, “वकीलसाहेब, तुम्हाला हसू येत नाही, ते ठीक. पण आमचं हसू तुम्ही जप्त का करता?”

मला उत्तर सुचले नाही. प्रस्तुत लेख हे ते उशिरा दिलेले उत्तर होय.

दुसऱ्या पक्षाचे म्हणणे ऐकल्यावाचून निकाल देऊ नये, हा न्यायाचा मूलभूत नियम आहे. म्हणून प्रथम दादांची बाजू मांडतो. १९३२ साली जन्मलेला हा मुलगा मुंबईच्या नायगावात, गिरणी कामगारांच्या वस्तीत वाढला. सेवादलाच्या कलापथकात त्याने उमेदवारी केली. वसंत सबनीस यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्याने त्याला महाराष्ट्रभर नेले; त्यात राजा, प्रधान, कोतवाल यांची म्हणजे सत्तेचीच रेवडी उडविलेली होती. पुढे १९७१ साली ‘सोंगाड्या’, १९७२ साली ‘एकटा जीव सदाशिव’ आणि १९७५ साली ‘पांडू हवालदार’ आला. ढगळ अर्धी चड्डी, तिची लोंबती नाडी आणि भोळा चेहरा असा नायक पडद्यावर उभा राहिला. माझ्या वडिलांनी ‘सोंगाड्या’ जत्रेतल्या तंबूत पाहिला होता. ते सांगत, “आपल्यासारखा दिसणारा माणूस पडद्यावर नायक झालेला मी पहिल्यांदा पाहिला.” ज्या माणसाला गावाने कधी नायक मानले नाही, त्याच्या तोंडचे हे वाक्य मी हलके समजत नाही.

मग मला हसू का येत नाही? त्याचे मूळ एका संध्याकाळीत आहे. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. गल्लीत भाड्याने व्हिडिओ आणून दादांचा एक चित्रपट लावला होता. सारी वस्ती जमली होती. एका द्व्यर्थी वाक्याला पुरुषांमध्ये हशा उसळला. माझी आई उठली, मोठ्या बहिणीचा हात तिने धरला आणि त्या दोघी गर्दीतून वाट काढीत बाहेर पडल्या. मागून पुन्हा हशा झाला. तो पडद्यावरील वाक्याला होता की उठून जाणाऱ्या त्या दोघींना, हे मला आजही सांगता येणार नाही. मी मात्र बसून राहिलो. मी उठलो नाही, याची खंत आजतागायत गेलेली नाही.

द्व्यर्थी विनोदाच्या वतीने एक युक्तिवाद नेहमी केला जातो. वाक्य निर्मळ आहे. घाण अर्थ ऐकणाऱ्याच्या मनात आहे. वकील म्हणून या युक्तिवादाचे मला कौतुक वाटते. संशयाचा फायदा बोलणाऱ्याला मिळतो आणि आरोपी म्हणून प्रेक्षक उभा राहतो. परंतु या खटल्यात एक व्यक्ती कोणी तपासलीच नाही. दुसरा अर्थ जिच्या देहाविषयी असतो, ती स्त्री. तिला तो विनोद कसा वाटला, हे तिला कोण विचारतो?

याचा अर्थ असा विनोद कायद्याने बंद करावा, असे मी म्हणत नाही. चित्रपटांची पूर्वतपासणी घटनेला धरून आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७० साली मान्य केले. अश्लीलतेची कसोटीही बदलत गेली. १९६४ साली न्यायालयाने जुनी इंग्रजी कसोटी स्वीकारली होती. २०१४ साली ती सोडून देऊन समकालीन समाजाची दृष्टी पाहावी, असे ठरविले. कायदा जर आपली कसोटी बदलू शकतो, तर माझी वैयक्तिक अरुची हाच कायदा, असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? बहुसंख्य हसले म्हणून विनोद निर्दोष ठरत नाही. तसेच एक वकील हसला नाही म्हणून तो गुन्हाही ठरत नाही.

तथापि आपल्या घरांना हा प्रश्न अधिक झोंबतो, त्यास कारण आहे. ज्या तमाशातून हा विनोद आला, त्याच्या फडांवर नाचणाऱ्या स्त्रिया बहुतांशी आपल्याच वस्त्यांतल्या होत्या. हसणारे अनेकदा गावातले प्रतिष्ठित असत. पठ्ठे बापूरावांनी खेळांचे उत्पन्न चळवळीला देऊ केले, तेव्हा बाबासाहेबांनी ते नाकारले, ते याच जाणिवेने. परंतु त्यांनी कलेकडे पाठ फिरविली नाही. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे जलसे याच मातीतून उभे राहिले. त्यांत ढोलकी होती, सवाल-जवाब होते, हशाही होता. फरक एवढाच की हशाचा रोख सावकाराकडे आणि भिक्षुकशाहीकडे वळला होता.

हा रोख काय असतो, हे पाहण्यासाठी आम्हा अजिंठेकरांना दूर जावे लागत नाही. सतराव्या लेण्यात विश्वंतर जातक चितारले आहे. राजपुत्राकडून त्याची मुलेच दान मागून नेणारा जूजक तेथे दिसतो. पाचव्या शतकातल्या त्या चित्रकाराने त्याच्या चेहऱ्यावर असे हावरट हसू रंगविले आहे की पाहणाऱ्याला आपोआप हसू फुटते. म्हणजे धम्माच्या भिंतीवरही विनोदाला जागा होती. पण तेथे हसे झाले आहे ते लोभाचे. नेल्या जाणाऱ्या लेकरांचे नव्हे.

हे सारे मनात घेऊन मी त्या आजीच्या घरी गेलो आणि विचारले, “आजी, तुम्ही नेमक्या कशाला हसता?” ती म्हणाली, “हवालदाराची फजिती झाली की हसते. खऱ्या हवालदारापुढं आम्ही कधी मान वर केली?” मी विचारले, “आणि बायांवर बोलतात तेव्हा?” ती म्हणाली, “तेव्हा मी पान लावून घेते.”

वाचकहो, माझ्या सर्व मुद्द्यांपेक्षा हे उत्तर शहाणपणाचे आहे. ज्यांना मी अजाण समजून संस्कार शिकवू पाहत होतो, ते आपला निवाडा आधीच करून बसले होते. कोणते हसू घ्यायचे आणि कोणत्या वेळी मान खाली घालून पान लावायचे, हे त्यांना ठाऊक होते. तरी एक गोष्ट खटकतेच. मान तिने का खाली घालावी? ज्याने ते वाक्य म्हटले आणि जे त्याला हसले, त्यांनी का नाही?

अखेर समितीने जयंतीच्या रात्री शाहिरी कार्यक्रम ठेवला आणि चित्रपट दुसऱ्या दिवशी दाखविला. मी गेलो होतो. त्याच चित्रपटात दादांसोबत काम केलेल्या अशोक सराफ यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली, हे तरुणांनी मला आवर्जून सांगितले. हवालदाराची फजिती झाली तेव्हा आजी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मला हसू आले नाही. परंतु तिचे हसू मला प्रथमच कळले, आणि ते जप्त करण्याचा अधिकार मला नाही, हेही कळले.

आपणांस एवढेच विनवितो. घरात विनोदी चित्रपट अवश्य लावावा, पोट धरून हसावे. फक्त हसताना एकदा बाजूला पाहावे. आई किंवा बहीण उठून जात असेल, तर आपणही तिच्याबरोबर उठावे. मी उठलो नव्हतो.