आइसलँडची सोयीची गोष्ट

दर काही महिन्यांनी माझ्या व्हॉट्सॅपवर एक निरोप फिरून येतो. आइसलँडच्या जनतेनं बँका बुडू दिल्या, बँकरांना गजाआड केलं, सरकार हाकललं, कर्जं माफ करून घेतली आणि फेसबुकवर नवी राज्यघटना लिहिली. शेवटी ठरलेला प्रश्न: मग आपल्याला का जमत नाही? पाठवणारी माणसं भली असतात, म्हणून उलट लिहायला संकोच वाटतो. पण आता लिहितेच. या गोष्टीत खरं कमी आणि सोयीचं जास्त आहे. शिवाय ती ज्या वर्षाचे गोडवे गाते, ते ऑक्टोबर २००८ पासूनचं वर्ष तिच्यापेक्षा कितीतरी जास्त शिकवून जातं.

पहिलं वाक्यच घ्या. बँका 'बुडू दिल्या' म्हणजे कुणीतरी बाणेदारपणे तसा निर्णय घेतला, असं वाटतं. प्रत्यक्षात सरकारनं वाचवायची धडपड केली होती. सप्टेंबरअखेर ६० कोटी युरो देऊन ग्लितनिर बँकेचा ७५ टक्के हिस्सा घेण्याची घोषणा झाली. ६ ऑक्टोबरला मध्यवर्ती बँकेनं कौप्थिंगला ५० कोटी युरो कर्ज दिलं. त्याच दिवशी पंतप्रधान गेइर हार्डे दूरचित्रवाणीवर आले आणि शेवटी त्यांनी देशाला देवाच्या हवाली केलं. आठवडा संपायच्या आत तिन्ही मोठ्या बँका कोसळल्या होत्या. त्यांचा पसारा देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या जवळपास दसपट होता. झाकायला हात होते, पण चादरच नव्हती. त्याला बाणा म्हणत नाहीत, नाइलाज म्हणतात.

कर्जमाफीचं तर विचारूच नका. तेव्हा तिथली बहुतेक गृहकर्जं महागाईशी बांधलेली होती: महागाई वाढली की मुद्दलही वाढायचं. क्रोना निम्म्यावर आला आणि जानेवारी २००९ मध्ये महागाईचा दर १८ टक्क्यांच्या वर गेला. म्हणजे हप्ते वेळेवर भरणाऱ्याचंही कर्ज फुगत होतं. येन आणि स्विस फ्रँकशी जोडलेली कर्जं घेणाऱ्यांचे हाल त्याहून वाईट. पुढे काहींना सवलती मिळाल्या, त्याही न्यायालयं आणि सरकारांशी झगडून. नाणेनिधी आला, करवाढ आली, खर्चाला कात्री लागली. पैसा देशाबाहेर नेण्यावरची बंधनं उठायला २०१७ उजाडलं.

सरकार मात्र लोकांनी खरंच पाडलं, आणि ते मी कमी लेखत नाही. गायक होर्दुर तोर्फासन यांच्या पुढाकारानं लोक दर शनिवारी रेक्याविकमध्ये संसदेसमोर जमत होते. सुट्टीनंतर २० जानेवारीला संसद भरली, तेव्हा ते भांडी बडवत उभे राहिले. आठवड्याभरात सरकार गेलं. नव्या पंतप्रधान योहाना सिगुर्दार्दोत्तिर आदल्या मंत्रिमंडळातही मंत्री होत्या, हे निरोपात नसतं. आणखीही एक नसतं. दाविद ओद्दसन यांनी पंतप्रधान असताना बँकांचं खासगीकरण केलं आणि पुढे मध्यवर्ती बँकेचे प्रमुख झाले. ते खुर्ची सोडेनात, म्हणून फेब्रुवारीत कायदा बदलून त्यांना काढावं लागलं. सप्टेंबरात ते देशातल्या एका जुन्या, वजनदार दैनिकाचे संपादक झाले. भांड्यांचा आवाज कितीही मोठा असला, तरी खुर्च्यांना पाय असतात.

मग त्या वर्षातून उरलं काय? दोन रुक्ष कायदे. दोन्ही डिसेंबर २००८ मध्ये झाले, सरकार पडायच्या आधी. रस्त्यावरचा दबाव होताच, पण त्याला धरायला मूठ दिली या कायद्यांनी. एकानं चौकशी आयोग नेमला. त्याचा दोन हजारांहून अधिक पानांचा अहवाल एप्रिल २०१० मध्ये आला. त्यात हार्डे आणि ओद्दसन यांच्यासह सात जणांच्या हलगर्जीपणावर नावानिशी बोट ठेवलं होतं. रेक्याविकच्या नाट्यगृहात नटांनी तो रात्रंदिवस, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मोठ्यानं वाचला. मला त्या वर्षानं दिलेलं सर्वांत मोठं दृश्य हे वाटतं.

दुसऱ्या कायद्यानं विशेष अभियोक्त्याचं पद निर्माण केलं. पहिल्या मुदतीत एकही अर्ज आला नाही. अखेर आक्रानेस या लहान गावाचे पोलीसप्रमुख ओलाफुर हाउक्सन यांनी ते काम घेतलं. कतारच्या शेखानं कौप्थिंगचे समभाग कौप्थिंगच्याच पैशानं घेतल्याचं प्रकरण त्यांनी धसास लावलं. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल फेब्रुवारी २०१५ मध्ये आला: चौघांना चार ते साडेपाच वर्षांचा तुरुंगवास. पतनानंतर सहा वर्षांहून अधिक काळानं.

ज्यात उत्साह भरपूर आणि संसदेला बांधणारं कलम एकही नव्हतं, ते मात्र वाहून गेलं. घटनेचा मसुदा पंचवीस जणांच्या मंडळानं केला, फेसबुकवर लोकांच्या सूचना घेतल्या. ऑक्टोबर २०१२ मध्ये दोनतृतीयांश मतदारांनी त्याला कौलही दिला. संसदेनं तो मंजूर केलाच नाही. आजही तिथे १९४४ चीच घटना चालते. आणि २०१३ च्या निवडणुकीत ज्यांनी बँका विकल्या होत्या, तेच दोन पक्ष लोकांनी सत्तेवर आणले.

यावर हमखास येणारा आक्षेप: इवलासा देश, तिथे सगळं सोपं असतं. उलट आहे. बँकर, मंत्री आणि नियामक एकाच वर्तुळातले, हीच तर तिथली व्याधी होती. जिथे आरोपी कुणाचा तरी वर्गमित्र असतो, तिथे अभियोक्ता मिळणं सोपं नसतं. तो अर्ज कोरा राहिला होता, हे विसरू नका.

तेव्हा निरोप पुढे पाठवणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. भांडी बडवणं एका जानेवारीचं काम आहे. दोन हजार पानं लिहून घेणं, ती वाचणं आणि सहा वर्षं एका खटल्यामागे लागणं, या कामाचा फोटो निघत नाही. तुमची गोष्ट ऐकून माणसाला वाटतं, चीड आली की झालं. आइसलँडच्या लोकांनाही थोडं तसंच वाटलं असावं. २०१३ ची मतपेटी तेच सांगते.