भेव वाटणारी कविता वर्गात हवीच

बालकवी म्हटलं की आपल्याला काय आठवतं? फुलराणी, हिरवळ, ऊन-पाऊस. 'निसर्गकवी' अशी चिठ्ठी लावून आपण मोकळे होतो. पण याच त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांची 'खेड्यातील रात्र' आपण वर्गात किती वेळा वाचली? पडका बुरूज, ओसाड देऊळ, वडाचा पार आणि काळोख. युरोपात अशा लेखनाला गॉथिक म्हणतात. (आपल्याकडे भयानक हा रस भरतमुनींनी केव्हाच सांगून ठेवलाय, त्यामुळे शब्द उसना घ्यायचीही तशी गरज नाही.)

माझं मत स्पष्ट आहे. ही कविता आठवी-नववीच्या पोरांना वाचून दाखवावी, आणि परतवाड्यात तर दाखवावीच.

आपल्याकडून घाट चढून चिखलदऱ्याला गेलं की गाविलगड येतो. डिसेंबर 1803 मध्ये वेलस्लीच्या फौजेनं घेतलेला हा किल्ला आज झाडोऱ्यात पडून आहे. पलीकडे भीमकुंडाची दरी. कठड्याला धरून पोट्टे खाली पाहतात, पाय लटपटतात, तरी मागे सरकत नाहीत. एडमंड बर्कनं 1757 मध्ये हेच मांडलं होतं: जीव सुरक्षित असताना भीती दुरून पाहिली तर तिच्यात एक वेगळाच आनंद असतो. त्यालाच आपण उदात्त म्हणतो. पोरांना तो अनुभव येतो, पण त्यासाठी त्यांच्याजवळ 'जबरदस्त' आणि सेल्फी याच्यापलीकडे काही नसतं.

दूर ब्राझीलमध्ये आल्वारेस द आझेवेदो नावाचा कवी होऊन गेला. साओ पावलोत कायदा शिकणारा हा पोरगा बायरन वाचून भारावला, रात्रीच्या आणि मरणाच्या कविता लिहू लागला आणि 1852 मध्ये विसाव्या वर्षी गेला. त्याचा संग्रह नंतर निघाला. त्याचा काळोख मला थोडा पुस्तकी वाटतो. बालकवीही 1918 मध्ये सत्ताविसाव्या वर्षीच गेले, पण त्यांचा काळोख आपल्या गावशिवेवरचा आहे.

पालक विचारतील, "सर, पोरगं आधीच रात्री घाबरते, हे काहून शिकवता?" प्रश्न रास्त आहे. पण तेच पोरगं मोबाईलवर भुताचे व्हिडिओ पाहतंच. तिथं भूत दाखवून मोकळे होतात. कविता दाखवत नाही, म्हणून पोराला स्वतःच्या मनात डोकवावं लागतं. अंधश्रद्धेची भीतीही नको. 'भूत असते का?' असं विचारूच नका, 'इथं कोणत्या शब्दानं भेव वाटलं?' असं विचारा.

आणखी एक. वऱ्हाडातल्या वर्गात बाप गमावलेलं एखादं लेकरू बसलेलं असू शकतं. त्याच्या पुढ्यात वर्षभर आपण फक्त आनंदाच्या कविता ठेवतो. त्याला वाटत असेल, माझ्यासारखं कोणी लिहीतच नाही काय? अशा लेकराला मात्र ओळींचा अर्थ सर्वांसमोर विचारू नये. नुसतं ऐकू द्यावं.

कविता दोनदा वाचा, सावकाश. मग गृहपाठ एवढाच द्या: आपल्या गावातली सांजच्याला भेव वाटणारी एक जागा, पाच ओळींत, भुताचं नाव न घेता.