‘ओनरशिप’ कशाची?

मुंबई-पुण्याकडच्या मध्यमवर्गीय माणसाने इंग्रजीतून जे शब्द आपलेसे केले, त्यांत ‘ओनरशिप’इतका भाग्यवान शब्द क्वचितच दुसरा असेल. ‘जागा भाड्याची की ओनरशिपची?’ हा प्रश्न लग्नाच्या बोलणीतही निघतो आणि ‘ओनरशिपची’ हे उत्तर ऐकून मुलीच्या बापाचा जीव भांड्यात पडतो. या शब्दाला कायद्याचाही आधार आहे. सदनिकांच्या विक्रीवर नियंत्रण आणणारा जो कायदा राज्य विधिमंडळाने १९६३ साली केला, त्याच्या इंग्रजी नावातच हा शब्द बसलेला आहे. परंतु ही मालकी नेमकी कशाची, असे एखाद्या सदनिकाधारकाला विचारून पाहावे. चार भिंतींची, की त्या भिंती ज्या जमिनीवर उभ्या आहेत तिचीही? बहुतेकांना हा प्रश्न पडलेलाच नसतो. आणि पडतो तेव्हा इमारतीच्या सळया गंजून बाहेर डोकावू लागलेल्या असतात.

खेड्यातला शेतकरी या बाबतीत शिकल्यासवरलेल्या नोकरदारापेक्षा पुष्कळच जाणता असतो, असे म्हणावे लागते. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा, एकात हक्क आणि दुसऱ्यात पिके, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. उतारा हातात पडताच त्याची नजर ‘कुळ, खंड व इतर अधिकार’ या रकान्याकडे जाते, कारण बोजा असलाच तर तेथे असणार, हे त्याला ठाऊक असते. ‘भोगवटादार वर्ग २’ हे शब्द दिसले की सरकारी परवानगीवाचून ही जमीन विकता येत नाही, हे तो ओळखतो. फेरफार, बोजा, हक्कसोड हे शब्द पिढ्यान्‌पिढ्या वापरून गुळगुळीत झालेले आहेत. तथापि त्याचाही एक समज चुकीचा आहे. सातबाऱ्यावर नाव लागले की आपण मालक झालो, असे तो मानतो. १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ नुसार ही नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानायची, एवढेच. नोंद मालकी निर्माण करीत नाही. मालकी येते ती खरेदीखताने, वारसाहक्काने, वाटणीने किंवा बक्षीसपत्राने.

आणि खरेदीखत म्हणजे साठेखत नव्हे. या दोन शब्दांतला फरक न कळल्यामुळे जितके संसार अडचणीत आले असतील, तितके क्वचितच दुसऱ्या कशाने आले असतील. साठेखत हे पुढे विकण्याचे वचन आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ मध्ये स्पष्ट म्हटले आहे की, अशा कराराने मालमत्तेत कोणताही हक्क आपोआप निर्माण होत नाही. वचन मोडले तर ते पुरे करून घेण्यासाठी कोर्टात जावे लागते आणि त्यालाही मुदत असते. असे असूनही शहरांच्या वेशीवर एक-एक गुंठ्याचे, म्हणजे १,०८९ चौरस फुटांचे तुकडे साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र यांच्या जोडीवर वर्षानुवर्षे विकले गेले. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प कंपनीच्या खटल्यात निर्वाळा दिला की, अशा कागदांनी मालकी हस्तांतरित होत नाही. परंतु ‘नोटरी केली आहे, काळजी नको’ हे वाक्य अजून ऐकू येतेच. नोटरी सही कोणाची ते पाहतो. विकणाऱ्याला विकण्याचा अधिकार आहे की नाही, हे पाहणे त्याचे काम नव्हे. शिवाय सर्वसाधारण कुलमुखत्यारपत्र ते देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपते. निवृत्तिवेतनाची पुंजी ज्याने त्या कागदावर लावली, त्याच्या हाती मग मुद्रांकाचा कागद तेवढा उरतो.

सदनिकेचा करार याहून बरा असतो, यात शंका नाही. तो नोंदवला जातो आणि त्यावर खरेदीखताप्रमाणे पूर्ण मुद्रांक शुल्क भरले जाते. गैरसमज नेमका येथेच रुजतो. एवढे पैसे सरकारजमा केले, दुय्यम निबंधकापुढे अंगठा उमटवला, फोटो काढला, म्हणजे सारे झाले! परंतु त्या दिवशी जमिनीच्या कागदावर बहुधा मूळ मालकाचे किंवा बिल्डरचे नाव कायम असते. ते बदलण्यासाठी आणखी एक दस्त व्हावा लागतो. त्याचे इंग्रजी नाव कन्व्हेयन्स. मराठीत त्याला अभिहस्तांतरण असे उच्चारतानाच दम लागावा असे नाव मिळाले आहे. बिल्डरने जमीन आणि इमारत गृहनिर्माण संस्थेच्या नावे करून द्यायची, हा त्याचा अर्थ. करारात वेगळी मुदत नसेल तर संस्थेच्या नोंदणीपासून चार महिन्यांत हे व्हावे, असे १९६३ च्या कायद्याखालील नियम सांगतात. चार महिन्यांची चाळीस वर्षे झालेल्या इमारती ज्यांना पाहायच्या असतील, त्यांनी कोणत्याही उपनगरात एक फेरफटका मारावा.

बिल्डर हे का टाळतो, याचे कारण उघड आहे. चटईक्षेत्र निर्देशांक वाढला की वाढीव बांधकामावर जमिनीचा मालक दावा सांगतो. इमारत पाडून नवी बांधण्याची वेळ आली म्हणजे जिची जमीन नाही अशी संस्था वाटाघाटीला रिकाम्या हाताने बसते. त्या वेळी तीस वर्षे हप्ते फेडलेल्या सभासदाला कळते की, आपली ओनरशिप हवेत तरंगत होती. २००८ साली अंमलात आलेल्या दुरुस्तीने यावर एक उपाय दिला, तो म्हणजे मानीव अभिहस्तांतरण. मानीव म्हणजे झाले असे मानलेले. बिल्डर सही करीत नसेल तर संस्थेने जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करावा. दोन्ही बाजू ऐकून तो प्रमाणपत्र देतो आणि त्यावरून एकतर्फी दस्त नोंदवता येतो. उपाय चांगला आहे. मात्र संस्थेच्या वार्षिक सभेत गळती आणि पार्किंग यांवर दोन तास खर्ची पडतात आणि हा विषय निघेपर्यंत मंडळी चहाला उठलेली असतात. (पार्किंगविषयीही सांगण्यासारखे आहे. इमारतीखालची खांबांमधली मोकळी जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच ठरवले.)

याच कपाटात आणखी एक फसवा शब्द असतो, तो म्हणजे नॉमिनी. वडिलांनी थोरल्या मुलाचे नाव संस्थेत दिले, म्हणजे घर त्याचे झाले, असे तोही समजतो आणि त्याची बहीणही समजते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सहकारी संस्था कायद्याने अशा व्यक्तीला तात्पुरता सभासद म्हटले आहे. मृत्युपत्र नसेल तर घर सर्व वारसांचे, आणि त्यांत मुलगी आलीच. ‘नुसती फॉर्मॅलिटी आहे’ असे सांगून तिच्यापुढे जो कागद सरकवला जातो तो हक्कसोडपत्र असतो. त्या शब्दाचा अर्थ तरी त्याच्या नावातच लिहिलेला आहे.

माझी तक्रार आहे ती येथे. ज्या कागदावर माणूस जन्माची कमाई ओततो, तो कागद महानगरांत बहुधा इंग्रजीत असतो, शेकडो कलमांचा असतो, आणि सही करणारा प्राध्यापक असला तरी तो पानागणिक फक्त सही करीत जातो. रेरा कायद्याने २०१६ साली चटईक्षेत्राची व्याख्या पक्की केली. त्यामुळे ‘सुपर बिल्टअप’ या मायावी शब्दाची सद्दी बरीचशी संपली, ही मोठी गोष्ट झाली. तशीच सक्ती आणखी एका पानाची व्हावी. कराराच्या प्रारंभी, साध्या मराठीत, जमीन आज कोणाच्या नावे आहे, तिच्यावर कोणता बोजा आहे, ती संस्थेच्या नावे कोणत्या तारखेपर्यंत होईल आणि न झाल्यास काय, एवढे चार प्रश्न आणि त्यांची उत्तरे असावीत. त्यावर विकणाऱ्याची सही आधी घ्यावी, घेणाऱ्याची नंतर. हे सारे आतल्या कलमांत आहेच, असे बिल्डर म्हणतील. असेल तर ते पहिल्या पानावर आणायला त्यांची हरकत असण्याचे कारण नाही. मराठी भाषांतर न्यायालयात टिकणार नाही, हा दुसरा आक्षेप वकिलांकडून येईल. परंतु खरेदीखते या राज्यात पिढ्यान्‌पिढ्या मराठीत लिहिली गेली आहेत आणि त्यांवर न्यायालयांनी निकालही दिले आहेत. अभिहस्तांतरण हा शब्द बदलून तेथे ‘जमीन संस्थेच्या नावे करणे’ असे लिहिले, तर कायद्याचे काही बिघडेल असे वाटत नाही.