वाटीएवढा लाड

कपकेक म्हणजे नुसता थाट, असं माझं ठाम मत. इराण्याच्या मावा केकवर वाढलेल्या जिभेला डोक्यावरचा क्रीमचा तुरा कशाला हवा? पदार्थ मात्र जुना: १७९६च्या ‘अमेरिकन कुकरी’ पुस्तकातही छोट्या कपांत भाजायचा केक आहे. न्यूयॉर्कच्या ब्लीकर स्ट्रीटवर १९९६मध्ये मॅग्नोलिया बेकरी उघडली, पुढे ‘सेक्स अँड द सिटी’ मालिकेत झळकली आणि कपकेकसाठी रांगा लागल्या.

परवा लेकीने अर्धा कपकेक पुढे केला. चुण्यांचा कागद सोलला, लिंबाच्या सालीचा वास आला आणि माझा हट्ट विरघळला. रोज नको, पण महिन्याकाठी एखादा, तोही वाटून घेतलेला, चालेल. लाड वाटीएवढाच बरा.