नाण्याला स्मृती नसते

मटक्याला कायद्याने बंदी असली, तरी गोव्यात आकडे लावणारे कमी नाहीत. ‘चार दिवस सात लागला नाही, तेव्हा आज लागणारच’ या भ्रमापायी कित्येक संसार धुळीस मिळतात. पोलिसांच्या छाप्यांनी अड्डे हलतात, भ्रम हलत नाही. तो बालपणीच, खेळता खेळता दूर केला पाहिजे.

त्यासाठी खर्च नको की पोथी नको. पिशवीत सात तांबडी व तीन पांढरी, एकाच आकाराची बटणे घालावीत. मुलाने न पाहता एक काढावे, रंग टिपून ठेवावा, बटण परत टाकावे. तांबडे अधिक वेळा येते, परंतु पुढचे कोणते ते सांगता येत नाही, हे शंभर खेपांत त्याला आपोआप उमगेल. नाण्याचा छापा सलग पाचदा पडला, तरी सहाव्या खेपेस छापा-काट्याची शक्यता समसमानच. मटक्यातील सातही रोज दहांतला एकच!

पास्कल व फर्मा यांच्या १६५४ मधील पत्रव्यवहारातून, जुगाराच्याच एका प्रश्नावरून, हे शास्त्र आकारास आले. त्याच शास्त्राने जुगाराची मोहिनी उतरवावी, हे उचितच होय. येत्या चतुर्थीच्या सुटीत पालकांनी एवढे मनावर घ्यावे.